उन्हाळ्यात लागोपाठ दोन दिवस शर्यत धावताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

शनिवारी पाच किलोमीटर आणि रविवारी दहा किलोमीटर, अशा लागोपाठच्या दोन शर्यती एप्रिल-मेमध्ये धावायचे ठरवणाऱ्या हौशी धावपटूंची तयारी बहुधा एकाच जागी फसते. रविवारच्या शर्यतीची काळजी ते रविवारी पहाटे करू लागतात. प्रत्यक्षात ती शर्यत शनिवारी फिनिश लाइन ओलांडल्यापासून रात्री झोपेपर्यंतच्या तासांत राखली जाते किंवा घालवली जाते. म्हणून पुढील टप्प्यांत शनिवारच्या दुपारला दोन्ही शर्यतींपेक्षा अधिक जागा दिली आहे.

हे मार्गदर्शन दहा किलोमीटर न थांबता सहज धावू शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी आहे. रविवारी अर्धमॅरेथॉन असेल तर आदल्या दिवशी या हवेत कोणतीही शर्यत धावू नये. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याखेरीज यातील मीठ-पाण्याची प्रमाणे वापरू नयेत.

टप्पा १: तीन आठवडे आधी, शरीराला उन्हाची सवय

आपल्याकडची अडचण नुसत्या तापमानाची नाही. वाशी, नेरूळ किंवा ठाण्यात मे महिन्यात पहाटे पारा २६-२७ अंशांच्या आसपास असतो आणि हवेतील आर्द्रता बरेचदा ८० टक्क्यांच्या घरात असते. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, घाम आल्यामुळे नव्हे; आणि पावसाळ्यात दांडीवरचे कपडे वाळत नाहीत तसा या हवेत अंगावरचा घामही वाळत नाही, तो नुसता ओघळतो. त्यामुळे पाणी आणि मीठ खर्ची पडते, पण त्या बदल्यात मिळायला हवा तो गारवा मिळत नाही.

या हवेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. मात्र हे आपोआप घडत नाही. पहाटे पावणेपाचला उपवनला किंवा सागर विहारला धावून यायचे, दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसायचे, रात्री वातानुकूलित खोलीत झोपायचे आणि मग साडेसहाच्या उन्हात शर्यत धावायची, हा अनेकांचा क्रम शरीराला उन्हाची ओळखच होऊ देत नाही.

शर्यतीच्या तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून चार-पाच दिवस सकाळी सातच्या सुमारास, सूर्य वर आल्यावर, अगदी सावकाश धावावे. सुरुवात अर्ध्या तासाने करून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तासाभरापर्यंत जावे. वेगाचा सराव, येऊर किंवा पारसिकचा चढ हे वेगळ्या दिवशी आणि उजाडण्यापूर्वी करावे. ऊन आणि वेग यांची कसोटी एकाच दिवशी घेऊ नये. शेवटचे चार-पाच दिवस धावणे निम्म्यावर आणले तरी कमावलेली सवय मोडत नाही.

*सावधान:* उन्हाची सवय म्हणजे भर दुपारी धावणे नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, आणि ती माणसे धावत नव्हती, बसलेली होती.

*तपासणी:* त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने धावताना दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस नाडीचे ठोके पहिल्या दिवसापेक्षा कमी पडत असतील, तर सवय होत आहे. तसे नसेल तर शर्यतीतील वेगाची अपेक्षा आताच खाली आणावी.

टप्पा २: घामाचे मोजमाप

“किती पाणी प्यावे?” या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर नाही, कारण एकाच गटात धावणाऱ्या दोघांच्या घामात दुपटीचा फरक असू शकतो. उत्तर घरच्या वजनकाट्यावर मिळते.

लघवी करून, कपडे काढून वजन करावे. बरोबर एक तास शर्यतीच्या जवळपासच्या वेगाने धावावे आणि वाटेत किती पाणी प्यायलो ते लक्षात ठेवावे. परतल्यावर ओले कपडे काढून, अंग आणि केस पुसून पुन्हा वजन करावे. घटलेले वजन अधिक प्यायलेले पाणी म्हणजे तासाभराचा घाम. उदाहरणार्थ, वजन ६८.४ वरून ६७.२ किलोवर आले आणि वाटेत ३०० मिलिलीटर पाणी घेतले, तर घाम दीड लिटर गेला. ओले कपडे अंगावर ठेवून वजन करणे ही येथील नेहमीची चूक आहे. भिजलेला टी-शर्ट, चड्डी आणि मोजे मिळून हिशेब सहज चुकवतात.

हा आकडा धावताना पूर्ण भरून काढण्यासाठी नसतो. पोटाला धावताना तासाला पाऊण-एक लिटरहून अधिक पाणी सहसा पेलवत नाही. वजनातील घट दोन टक्क्यांच्या आत राहिली, म्हणजे ६८ किलोच्या माणसाची घट साधारण एक लिटर तीनशे मिलिलीटरपर्यंत राहिली, तर दहा किलोमीटरसाठी ते पुरेसे आहे.

*सावधान:* धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले. नुसते पाणी अति प्यायल्याने रक्तातील सोडियम उतरते, आणि त्याची मळमळ, डोकेदुखी व गोंधळलेपण पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखे दिसते. अशा वेळी आणखी पाणी पाजणे जिवावर बेतू शकते.

टप्पा ३: शुक्रवारपर्यंत सामान, तेही दोन जोड

पहिल्या दिवशी घामाने आणि डोक्यावर ओतलेल्या पाण्याने भिजलेले बूट खाडीकाठच्या दमट हवेत चोवीस तासांत वाळत नाहीत, आणि ओल्या बुटांतून दहा किलोमीटर धावल्यास फोड ठरलेले. शक्य असल्यास सरावाच्या बुटांचे दोन जोड ठेवावेत. दुसरा जोड नसेल तर शनिवारी घरी येताच आतले तळ बाहेर काढावेत, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवावेत आणि दर दोन तासांनी बोळे बदलावेत. उन्हात बूट कडक करू नयेत. मोजे, आतले कपडे आणि टोपी यांचे मात्र दोन संच हवेतच.

कपडे फिक्या रंगाचे, सैल आणि जाळीदार असावेत; सुती बनियन घामाने जड होऊन अंगाला चिकटते. बिबसोबत, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या पट्टीसोबत, मिळालेला नवा टी-शर्ट त्याच शर्यतीत घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याची शिवण काखेत काचते की नाही हे आठव्या किलोमीटरला कळून उपयोग नसतो. काखा, मांड्यांची आतली बाजू आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर व्हॅसलीन लावावे. सनस्क्रीन कपाळावर भुवयांच्या फार जवळ लावू नये. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरते.

दोन्ही दिवसांचे बिब शुक्रवारीच घ्यावेत. ते शक्य नसेल तर शनिवारी घरातल्या कोणाला तरी अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत देऊन पाठवता येते का, हे आयोजकांना आधीच विचारावे. शनिवारी दुपारी बिबच्या रांगेत तासभर उभे राहणे फुकटची झीज आहे.

टप्पा ४: मुख्य शर्यत कोणती, हे ठरवणे

हा निर्णय शुक्रवारी रात्री, शक्यतो कागदावर लिहून, घ्यावा. दोन्ही शर्यती पूर्ण ताकदीने धावण्याचा बेत या हवेत हौशी धावपटूने करू नये. रविवार मुख्य असेल तर शनिवारचे पाच किलोमीटर तोंडातून चार-पाच शब्दांचे वाक्य निघू शकेल इतक्याच जोराने धावावे. शनिवार मुख्य असेल तर रविवारचे दहा किलोमीटर गप्पा मारत पूर्ण करायचे आहेत, हे सोबत्यांना सांगून ठेवावे. नाहीतर त्यांच्याच ईर्ष्येने वेग वाढतो. पुढील टप्पे रविवार मुख्य धरून लिहिले आहेत.

झोपेचे गणितही येथेच बसवावे. रविवारी पहाटे तीन-साडेतीनला उठायचे असल्याने शनिवारची झोप तुटणार हे गृहीत धरून शुक्रवारी रात्री आणि त्याआधीच्या दोन रात्री पुरेशी झोप घ्यावी.

हवामानाचा अंदाज पाहताना दुपारच्या कमाल तापमानावर थांबू नये. भारतीय हवामान विभाग किनारी भागात उष्णतेची लाट जाहीर करतो ती कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असेल तेव्हा. पण धावपटूला त्रास देणारी पहाट अशा इशाऱ्याविनाही येते. पहाटे सहाची आर्द्रता आणि वारा पाहावा. वारा पडलेला आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर हिवाळ्यातील वेगापेक्षा किलोमीटरमागे २० ते ४० सेकंद सोडण्याची तयारी ठेवावी. वजनाने भारी असलेल्यांनी आणखी सोडावीत.

टप्पा ५: शनिवारची शर्यत

हा टप्पा थोडक्यात आटोपतो, आणि शर्यतही तशीच आटोपावी. वॉर्म-अप आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त करू नये. हिवाळ्यात अंग तापवावे लागते, मे महिन्यात ते तापलेलेच असते. सुरुवातीच्या आधी बर्फाच्या पाण्यात बुडवलेला नॅपकिन मानेवर ठेवावा आणि गार पाण्याचे दोन-चार घोट घ्यावेत. पहिला किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा १५ सेकंद सावकाश धावावा. पाच किलोमीटरमध्ये पाणी पिण्याची गरज बहुतेकांना पडत नाही. पाण्याच्या टेबलावरचा पेला डोक्यावर आणि मानेवर ओतण्यासाठी घ्यावा. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जोर लावू नये.

टप्पा ६: शनिवार, फिनिश लाइनपासून दुपारपर्यंत

फिनिश लाइन ओलांडल्यावर एकदम थांबू नये. पायांत उतरलेले रक्त चालण्यानेच वर येते. थबकून उभे राहणारे धावपटू चक्कर येऊन खाली बसताना दिसतात ते याचमुळे. पाच-दहा मिनिटे चालत सावली गाठावी, टोपी काढावी, मान आणि मनगटांवर गार पाणी घ्यावे. फोटो, मेडल, ओळखीपाळखी हे सर्व त्यानंतर. बक्षीस समारंभासाठी मैदानात ताटकळणे तर अजिबात नको, बक्षीस स्वतःला मिळणार असेल तर गोष्ट वेगळी.

घरी पोचल्यावर टप्पा २ प्रमाणे वजन करावे. जितकी घट झाली असेल त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव पुढील तीन-चार तासांत घ्यायचे आहे. वजन ८०० ग्रॅम घटले असेल तर दुपारपर्यंत एक ते सव्वा लिटर. हे एका दमात प्यायल्यास बरेचसे लघवीवाटे निघून जाते, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, आणि त्यातले निम्मे तरी मीठ असलेले असावे.

मीठ असलेले म्हणजे काय, येथे घोळ फार होतो. पातळ ताकात मीठ आणि जिरेपूड, मीठ घातलेले लिंबू सरबत, कोकम सरबत, हे चालते. ओआरएस वापरायचे असेल तर पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आहे का ते वाचावे: लिटरमागे सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. फळाच्या चवीची, खोक्यात मिळणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर बरीच आणि मीठ कमी असते. मोठे, साधारण २१ ग्रॅमचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून “कडक” करून प्यायल्यास पोट बिघडते आणि रविवारची सकाळ शौचालयात जाते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ पुरते, चमचा चहाचा.

खाणे तासाभराच्या आत व्हावे. पोहे, इडली, उपमा, सोबत दही किंवा अंडे. शनिवारचा उपास करणाऱ्यांनी हा उपास या आठवड्यापुरता पुढे ढकलावा. तो मोडायचाच नसेल तर साबुदाणा खिचडी, उकडलेला बटाटा, राजगिरा आणि ताक वेळेवर आणि पोटभर घ्यावे. मात्र निर्जळी उपास आणि उन्हाळ्यातली शर्यत यांतील एकच काय ते निवडावे.

टप्पा ७: शनिवारी दुपार ते रात्र

दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडू नये. मे महिन्यात हे बोलणे सोपे आणि पाळणे कठीण, कारण लग्नाचे मुहूर्त याच शनिवारांवर असतात. लग्नाला जाणे टळणार नसेल तर संध्याकाळच्या स्वागत समारंभाला अर्धा तास हजेरी लावावी आणि जेवण घरी करावे. शंभर पाहुण्यांच्या पंगतीतले पनीर आणि गुलाबजाम दुसऱ्या दिवशी सहाव्या किलोमीटरला आठवण करून देतात.

दुपारी तासभर आडवे व्हावे, पाय उशीवर ठेवून. पायांना जोराने मालीश करवून घेणे, नवे व्यायाम करून पाहणे, घरातील जड कामे काढणे, हे सारे सोमवारनंतर. संध्याकाळी दहा मिनिटे इमारतीच्या आवारात चालणे पुरे.

रात्रीचे जेवण साडेसातपर्यंत उरकावे: मऊ भात, मुगाचे वरण, दही, लिंबाची फोड, चिमूटभर जास्त मीठ. मटण, वाटाण्याची उसळ, मोठी कोशिंबीर आणि मद्य वर्ज्य. जेवणानंतर बाटल्यांमागून बाटल्या पाणी पिण्याची जी घाई दिसते ती निरर्थक आहे. रात्री तीनदा उठावे लागते आणि झोप मोडते.

*तपासणी, रात्री नऊ वाजता:* लघवी फिकट पिवळी आहे. डोके दुखत नाही. वजन शुक्रवार रात्रीच्या तुलनेत अर्ध्या किलोच्या आत आहे. या तिन्हींपैकी दोन गोष्टी बिघडलेल्या असतील तर रविवारी फक्त सावकाश धावायचे. ताप, जुलाब किंवा उलटी झाली असेल, आदल्या तीन-चार दिवसांत होऊन गेली असेल तरीही, धावायचेच नाही. अशा वेळी पैसे भरले आहेत हा मुद्दा आणला जातो; सलाईनचा खर्च नोंदणी शुल्काहून अधिक असतो.

टप्पा ८: रविवारची सकाळ

उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा दहा ठोक्यांहून जास्त असेल तर कालचा थकवा उतरलेला नाही, आणि वेळेचे लक्ष्य तिथेच सोडावे.

सुरुवातीच्या दोन तास आधी दोन केळी किंवा जॅम लावलेल्या पावाच्या दोन चकत्या आणि ३०० ते ४०० मिलिलीटर पाणी घ्यावे. शेवटचे १५० मिलिलीटर सुरुवातीच्या पंधरा मिनिटे आधी. चहा-कॉफीची सवय असेल तर नेहमीचा कप घ्यावा. वेदनाशामक गोळी “आधीच” घेण्याची पद्धत मात्र घातक आहे: आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पाणी कमी असलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात.

प्रवासाची सोय आदल्या रात्री पक्की करावी. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या पहिल्या गाडीने वाशी-नेरूळला पोचून साडेपाचची सुरुवात गाठण्याचा बेत बहुधा धावपळीत संपतो. चार जणांनी मिळून गाडी करावी, आणि रस्ते बंद असतात म्हणून ती किलोमीटरभर अलीकडे सोडावी. परतीसाठी रविवारचा मेगाब्लॉक पाहून ठेवावा.

शर्यतीचे तीन भाग करावेत. पहिले तीन किलोमीटर मुद्दाम मागे राहावे; घड्याळाचा वेग न पाहता श्वास पाहावा, नाक-तोंडातून लयीत येणारा श्वास तुटू लागला की वेग कमी करावा. चार ते आठ हा खरा कामाचा भाग. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेपाचला निघालेल्या शर्यतीत याच भागात ऊन अंगावर येते. पाम बीच मार्गावर वाशीकडून बेलापूरच्या दिशेने जाताना ते डाव्या हाताने येते. त्या बाजूला इमारतीची सावली पडली असेल तेवढा पट्टा धरून धावावे, चार पावले जास्त पडली तरी चालेल. नववा-दहावा किलोमीटर अंगात असेल तसा.

पाण्याच्या टेबलावर गर्दी पहिल्या टेबलापाशी होते, म्हणून शेवटचे टेबल गाठावे. दोन पेले घ्यावेत. पहिल्याची कड चिमटीत दाबून चोच करावी आणि दहा पावले चालत दोन-तीन घोट प्यावे. दुसरा मान आणि छातीवर ओतावा. डोके पुढे झुकवून ओतल्यास पाणी बुटांत न जाता रस्त्यावर पडते. तहान नसताना प्रत्येक टेबलावर पेला रिकामा करू नये. तासाभराच्या शर्यतीत एकूण ४०० ते ६०० मिलिलीटर बहुतेकांना पुरते.

टप्पा ९: थांबण्याची खूण

अंगावर काटा येणे, उन्हात थंडी वाजणे, मळमळ, ठोके वेग कमी करूनही न उतरणे, यांपैकी काहीही जाणवल्यास चालू लागावे, सावली धरावी आणि पुढच्या टेबलावर थांबावे.

सोबतचा धावपटू अडखळत असेल, चिडचिड किंवा असंबद्ध बोलत असेल, आपला बिब क्रमांक किंवा ठिकाण सांगू शकत नसेल, तर तो उष्माघात आहे असे समजूनच वागावे. “घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात नाही” हा समज चुकीचा आहे. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. अशा वेळी क्रम असा:

१. एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि आयोजकांच्या वैद्यकीय पथकाला हाक द्यावी.

२. दुसऱ्याने त्याच क्षणी सावलीत नेऊन बूट आणि जादाचे कपडे काढून शरीर थंड करायला घ्यावे. बर्फाचे पाणी भरलेला टब असेल तर गळ्यापर्यंत बसवून, डोके धरून ठेवावे. नसेल तर अंगभर गार पाणी ओतत राहावे, बर्फाच्या पाण्यातील कापड डोके, मान, काखा आणि जांघा येथे ठेवून सारखे बदलावे आणि पुठ्ठ्याने वारा घालावा.

३. शुद्ध हरपत असलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

४. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणे थांबवू नये. पहिल्या अर्ध्या तासात शरीराचे तापमान उतरवणे हाच मुख्य उपचार आहे.

टप्पा १०: रविवार दुपार आणि सोमवार

शनिवारचाच क्रम पुन्हा: चालणे, सावली, वजन, मीठ-पाणी, जेवण. सोमवारी आणि मंगळवारी धावू नये. पाय हलके वाटले तरी उष्णतेचा ताण उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो. बुधवारी अर्धा तास सावकाश धावून नाडी पाहावी आणि ती नेहमीच्या पातळीवर आली असेल तरच सराव पुढे न्यावा. लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, किंवा मांड्या सुजून त्यांना हात लावू देववत नसेल, तर स्नायू तुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडात गेल्याची ती खूण असू शकते. घरी पाणी पीत वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि लागोपाठ दोन दिवस उन्हात धावल्याचे डॉक्टरांना सांगावे.